फायबरग्लासच्या हौशी विमानात ग्राउंड कुठे आणि कसा घ्यावा?

पुशर (धागाकर्ता)

नमस्कार. मी ॲरिझोनात कोझी मार्क फोर जातीचे चार आसनी विमान बांधतो आहे. सांगाडा, पंख आणि इंधनाच्या टाक्या तयार आहेत, इंजिन बसले आहे, आणि आता वायरिंगला हात घालायचा आहे. एकदा तारा आसनांमागून आणि काचकापडाखालून गेल्या की त्या पुन्हा काढणे फार जिकिरीचे होते. म्हणून पहिली तार ओढण्याआधीच ग्राउंडचा, म्हणजे वीज बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतण्याच्या वाटेचा, आराखडा जाणकारांसमोर ठेवतो आहे.

ज्यांना या विमानांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. विमानरचनाकार बर्ट रुटान यांचे व्हॅरीईझी १९७५ साली आणि लाँग-ईझी १९७९ साली कॅलिफोर्नियातील मोहावी येथे प्रथम उडाले. फोमच्या गाभ्याला हवा तो आकार द्यायचा, त्यावर काचकापड आणि इपॉक्सी चढवायचे, साचा करायचाच नाही, ही त्यांची पद्धत हौशी बांधणाऱ्यांना चांगलीच मानवली. कोझी हे नॅट पफर यांनी त्याच घराण्यातून पुढे आणलेले विमान. त्याचा छोटा पंख नाकापाशी असतो, मोठा पंख मागे असतो, आणि इंजिन पार शेवटी बसून विमानाला मागून ढकलते. एवढे वजन मागे असल्यामुळे तोल साधण्यासाठी बॅटरी नाकात ठेवावी लागते. माझ्या विमानात बॅटरी आणि इंजिन यांच्यात तार ज्या वाटेने जाईल ती वाट साधारण १५ फुटांची आहे.

ॲल्युमिनियमच्या विमानात दिव्याकडे धन तार नेली आणि दुसरे टोक जवळच्या पत्र्याला कसले की काम भागते, कारण वीज पत्र्यातून बॅटरीकडे परतते. आपल्या विमानाचे अंग वीज वाहतच नाही. त्यामुळे प्रत्येक उपकरणाला परतीची वाट आपणच द्यायची, आणि या वाटा कुठे एकत्र आणायच्या तेही आपणच ठरवायचे. माझा विचार असा होता की बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनापर्यंत एकच जाड तार न्यावी आणि वाटेत पॅनलमागे तिला फाटा देऊन तिथेच सगळ्या रेडिओंचे आणि मीटरांचे ग्राउंड जोडावेत. हे योग्य ठरेल का? अँटेना आणि इंधनाच्या टाक्या यांचे काय करावे, हेही जाणकारांनी सांगावे.

ऋणटोक

तुमच्या आराखड्यातला मधला फाटा मात्र काढून टाका, आणि त्याचे कारण आकड्यांतून पाहा.

२ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध फुटाला सुमारे ०.१५६ मिलिओहम असतो (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक). जाऊन-येऊन ३० फूट धरले तर एकूण रोध ४.७ मिलिओहम होतो. स्टार्टरने २०० अँपिअर ओढले की या तारेतच जवळजवळ ०.९४ व्होल्ट खर्ची पडतो. वजन वाचवण्यासाठी ४ गेजची तार घेतली तर हाच आकडा दीड व्होल्टच्या घरात जातो. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाची ४३.१३-१बी ही मार्गदर्शिका १४ व्होल्टच्या यंत्रणेत सतत चालणाऱ्या उपकरणासाठी अर्धा व्होल्ट आणि थोडा वेळ चालणाऱ्या उपकरणासाठी एक व्होल्ट एवढीच घट मान्य करते. म्हणजे २ गेजची तार या हिशेबात जेमतेम बसते, आणि जोड नीट असले तरच बसते.

पण स्टार्टर काही सेकंदांचाच पाहुणा असतो. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारे जनित्र, उड्डाणभर चालतो, आणि खरी कटकट त्याची आहे. तो मागे इंजिनावर असतो, म्हणून तो जेवढी वीज पुरवतो तेवढी सगळी याच १५ फुटी ऋण तारेतून त्याच्याकडे परतते. ४० अँपिअर वाहत असतील तर इंजिनाचे अंग आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात सुमारे ९४ मिलिव्होल्टचा फरक राहतो, आणि हा फरक स्थिर नसतो, त्यात अल्टरनेटरच्या लहरी मिसळलेल्या असतात. तुम्ही या तारेच्या मधोमध फाटा घेतलात तर तुमच्या सगळ्या रेडिओंचा शून्य व्होल्ट या लहरींवर हेलकावत राहील.

त्याऐवजी असे करावे. बॅटरीच्या ऋण टोकापासून एक आखूड जाड तार पॅनलमागच्या पितळी पट्टीला न्यावी, आणि या पट्टीवर सपाट जिभांची रांग असावी, जिच्यावर प्रत्येक उपकरणाची परतीची तार स्वतंत्रपणे खोचता येईल. इंजिनाची जाड तार मात्र बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट निघावी. ती इंजिनाच्या क्रँककेसवरच, म्हणजे त्याच्या मुख्य धातूच्या कवचावरच, कसावी. इंजिन ज्या नळ्यांच्या चौकटीवर बसते त्या चौकटीवर ती कसू नये, कारण मध्ये रबरी गाद्या असतात आणि त्या वीज अडवतात. क्रँककेसवरचा रंग त्या जागी पूर्ण खरवडून चकचकीत धातू उघडा करावा.

माझा आणखी एक आग्रह आहे. इंजिनाला दोन स्वतंत्र पट्ट्यांनी जोडावे, आणि त्या दोन वेगळ्या बोल्टवर असाव्यात. एकच पट्टी असली आणि कंपनाने ती तुटली, तर स्टार्टरचा प्रवाह थांबत नाही, तो दुसरी वाट शोधतो. ती वाट थ्रॉटलच्या पोलादी केबलची असू शकते किंवा मॅग्नेटोच्या (इंजिनाच्या ठिणगीची वीज स्वतः तयार करणाऱ्या यंत्राच्या) तारेवरच्या शील्डची, म्हणजे तारेभोवतीच्या धातूच्या जाळीची, असू शकते, आणि यांपैकी कुठलीही वस्तू २०० अँपिअर सोसण्यासाठी केलेली नाही.

टेक्सासकर

माझ्याकडे लाँग-ईझी आहे. ते मी बांधलेले नाही, विकत घेतलेले आहे. लँडिंग दिवा लावला की तेलाचे तापमान लगेच आठ-दहा अंश फॅरनहाइट चढलेले दिसते आणि दिवा बंद केला की तत्काळ उतरते. तेल इतक्या झटपट तापू किंवा निवू शकत नाही, हे उघड आहे. शिवाय हेडसेटमध्ये एक बारीक शीळ सतत ऐकू येते आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर तिची पट्टी चढते. थंडीत स्टार्टरही जड फिरतो, पण त्यासाठी बॅटरी बदलून झाली आहे. या तिन्ही गोष्टींचा ग्राउंडशी संबंध असेल का?

ऋणटोक

बहुतेक तिन्हींचे मूळ एकच आहे. तुमच्या तापमानाच्या सेन्सरचे एक टोक इंजिनाच्या अंगालाच ग्राउंड झालेले असते आणि मीटरचा ग्राउंड पॅनलमागे असतो. दिवा लागला की अल्टरनेटरचा प्रवाह वाढतो, परतीच्या वाटेतली घट वाढते, आणि पॅनलच्या तुलनेत इंजिनाचे अंग थोडे अधिक ऋण होते. सेन्सर तापला की त्याचा रोध उतरतो, म्हणून मीटरला सेन्सरवरचा व्होल्ट कमी दिसला की तो तेल तापले असा अर्थ लावतो. दिव्याबरोबर तापमान चढते, उतरत नाही, हे तुमचे निरीक्षण या निदानाशी नेमके जुळते. मात्र तार आणि जोड चांगले असतील तर एका दिव्याने एवढा फरक पडू नये. कुठेतरी एक जोड खराब आहे.

तो शोधण्यासाठी इंजिन चालू करण्याची काहीच गरज नाही, आणि प्रोपेलर फिरत असताना मागे मल्टिमीटर घेऊन उभे राहणे तर कोणीही कधीच करू नये. मॅग्नेटो बंद असल्याची खात्री करा, आणि तरीही प्रोपेलर जिवंतच आहे असे समजून त्याच्या फेऱ्यातून दूर राहा. १०० वॅटचा १२ व्होल्टी दिवा घ्या. त्याचे एक टोक फ्यूज घालून बॅटरीच्या धन टोकाला जोडा आणि दुसरे क्रँककेसच्या उघड्या धातूवर पकडा. दिव्यातून सुमारे ८ अँपिअर वाहतील आणि ते सगळे ऋण तारेतूनच परततील. आता मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून एकेका जोडावर मापन करा. एक टोक लगच्या (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) अंगावर आणि दुसरे लग जिथे कसला आहे त्या धातूवर ठेवावे. पूर्ण १५ फूट तारेवर १९ मिलिव्होल्टच्या आसपास दिसणे रास्त आहे, पण चांगल्या जोडावर एखाद्या मिलिव्होल्टपेक्षा अधिक दिसता कामा नये.

शांतश्रवण

शिळेबद्दल लिहितो, कारण माझा व्यवसाय ध्वनियंत्रणेचा आहे.

अल्टरनेटरमध्ये सर्वसाधारणपणे बारा ध्रुव आणि तीन फेज असतात, त्यामुळे त्याच्या एका फेऱ्यात ३६ लहरी निघतात. अल्टरनेटर मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ३६०० लहरी होतात, आणि नेमक्या त्याच पट्टीत माणसाचा कान फार तिखट असतो. लहर थोडी जरी हेडसेटच्या तारेत शिरली तरी ती बोलण्याच्या वर ऐकू येते. फ्लॅशवाले दिवे असतील तर त्यांची खूण वेगळी असते. तिथे शीळ येत नाही, ठरावीक अंतराने एक ठोका येतो.

लहर शिरते ती बहुधा सामायिक परतीच्या तारेतून. समजा, फ्लॅशच्या दिव्यांचा पुरवठा आणि इंटरकॉम यांनी १८ गेजची १० फुटांची एकच परतीची तार वाटून घेतली आहे. तिचा रोध सुमारे ६४ मिलिओहम असतो. दिवे ७ अँपिअर ओढत असतील तर त्या तारेवर ०.४५ व्होल्टचा धक्का प्रत्येक फ्लॅशला बसतो, आणि मायक्रोफोनचा संकेत त्याच मापाचा किंवा त्याहून लहान असतो. इंटरकॉम कितीही महागडा असला तरी या दोन्हींतला फरक त्याला कळणार नाही. म्हणून जड प्रवाहाच्या उपकरणांची परतीची तार ध्वनीच्या उपकरणांबरोबर कधीही वाटून घेऊ नये.

हेडसेटची आणि मायक्रोफोनची खोबण (जॅक) बसवताना तिचा धातूचा गळा कुठल्याही धातूच्या पट्टीला लागू देऊ नये, त्यासाठी खांदा असलेल्या फायबरच्या वॉशर मिळतात. पॅनल फायबरग्लासचा असला तरी तपासून घ्यावे, कारण अनेकजण त्यात ॲल्युमिनियमचा पत्रा बसवतात. या खोबणींची परतीची तार इंटरकॉमकडेच जावी, पितळी पट्टीकडे जाऊ नये. मायक्रोफोनच्या तारेवरचे शील्ड इंटरकॉमच्या बाजूला जोडावे आणि दुसऱ्या टोकाला मोकळे सोडावे. शील्डची दोन्ही टोके ग्राउंडला लागली की त्या शील्डमधूनच प्रवाह फिरू लागतो, आणि ज्याने राखण करायची तेच चोर होऊन बसते.

पुशर

शील्डवरून आठवले. मॅग्नेटोच्या तारेचे शील्ड दोन्ही टोकांना जोडावे, असा सल्ला मला हँगरमधल्या एका अनुभवी गृहस्थांनी दिला. ते योग्य आहे का?

ऋणटोक

दोन्ही टोकांना जोडणी असावी, पण दोन्ही टोकांना ग्राउंड नसावा. मॅग्नेटोच्या बाजूला शील्ड मॅग्नेटोच्या अंगाला कसावे. स्विचच्या बाजूला ते स्विचच्या दुसऱ्या टोकाला जोडावे आणि तिथेच थांबावे, पॅनलच्या ग्राउंडला मुळीच नेऊ नये. मॅग्नेटो बंद करणे म्हणजे त्याची तार त्याच्याच अंगाशी जोडणे, आणि त्यासाठी लागणारी परतीची वाट हे शील्डच देते. अशा जोडणीत इंजिन आणि पॅनल यांच्यात शील्डमार्गे कुठलाच पूल राहत नाही, म्हणून लहर येत नाही, आणि मुख्य ग्राउंडची पट्टी तुटली तरी स्टार्टरचा प्रवाह या वाटेने येऊ शकत नाही. यात एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी: ही तार किंवा तिचे शील्ड कुठेही तुटले तर मॅग्नेटो बंद होत नाही, चालूच राहतो. म्हणून उड्डाणानंतर इंजिन बंद करण्यापूर्वी स्विच क्षणभर बंद करून इंजिन खरोखर दम टाकते का, ते पाहण्याची सवय ठेवावी.

रेडिओवेडा

मी नाशिकचा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, आहे. मला विमाने उडवता येत नाहीत, पण अँटेनाबद्दल थोडे लिहू शकतो. धाग्यात आतापर्यंत ज्या ग्राउंडची चर्चा झाली त्याचा आणि अँटेनाच्या ग्राउंडचा संबंध जवळजवळ नाही, आणि हे दोन्ही एकच समजल्यामुळे पुष्कळ घोटाळे होतात.

काचकापडातून रेडिओलहरी आरपार जातात, त्यामुळे तुम्ही अँटेना विमानाच्या अंगातच दडवू शकता. रुटान यांच्या विमानांसाठी जिम वेअर यांनी तांब्याच्या चिकट पट्टीच्या अँटेना आखल्या, आणि आजही कित्येकजण त्याच वापरतात. विमानाचा बोलण्याचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या दरम्यान चालतो. मधला १२७ धरला तर लहरीची लांबी २.३६ मीटर येते आणि तिचा चौथा हिस्सा ५९ सेंटिमीटर. पट्टीची रुंदी आणि भोवतालचे काचकापड यांमुळे प्रत्यक्षात प्रत्येक बाहू त्याहून आखूड, वीस-बावीस इंचांचा ठेवावा लागतो. असे दोन बाहू समोरासमोर लावले की ती द्विध्रुव अँटेना झाली. तिचा एक बाहूच दुसऱ्याचा जोडीदार असतो, म्हणून तिला खाली धातूचा पत्रा लागत नाही. बोलण्याच्या रेडिओची अँटेना उभी हवी, म्हणून ती पंखाच्या टोकावरच्या उभ्या विंगलेटमध्ये छान बसते. दिशादर्शनाच्या रेडिओची अँटेना आडवी हवी. जोडणीच्या जागी कोॲक्स केबलवर (अँटेनाला रेडिओशी जोडणाऱ्या शील्डच्या केबलवर) फेराइटची दोन-तीन कडी ओवावीत, नाहीतर केबलचे शील्डच अँटेनासारखे वागू लागते आणि पॅनलमधली उपकरणे तुम्ही बोलताना चळतात.

ट्रान्सपाँडरचे, म्हणजे रडारच्या हाकेला आपोआप उत्तर देणाऱ्या उपकरणाचे, मात्र तसे नाही. तो १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो आणि त्याची छोटी दांडी सुमारे ७ सेंटिमीटरची असते. तिला खाली पत्रा लागतो. धातूच्या विमानात विमानाचे अंगच तो पत्रा होते. तुम्हाला सुमारे १४ सेंटिमीटर व्यासाची तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची चकती आतून बसवावी लागेल आणि कोॲक्सचे शील्ड दांडीच्या बुडाशी तिला नीट टेकलेले असावे लागेल. या चकतीला बॅटरीच्या ग्राउंडकडे नेणारी वेगळी तार मुळीच जोडू नका. तिचे काम लहरीसाठी आहे आणि कोॲक्समार्गे ती रेडिओला जोडलेलीच असते. वेगळी तार जोडलीत तर कोॲक्सच्या शील्डमधून एक नवा फेरा तयार होईल. कार्बनच्या कापडाने मजबूत केलेल्या भागात कुठलीच अँटेना दडवू नका, कारण कार्बन लहरी अडवतो.

उत्तरदिशा

परतीच्या तारेचा एक पैलू राहिला आहे, तो म्हणजे चुंबकीय होकायंत्राचा. आजच्या इलेक्ट्रॉनिक पॅनलला दिशा कळते ती मॅग्नेटोमीटर नावाच्या एका डबीतून, आणि फायबरग्लासच्या विमानात ती बहुधा पंखात किंवा नाकात बसवतात. ५ अँपिअर वाहणारी एकटी तार या डबीपासून अर्ध्या मीटरवरून गेली तर तिथे २ मायक्रोटेस्लाचे चुंबकीय क्षेत्र तयार होते. पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग अमेरिकेत सुमारे २० मायक्रोटेस्ला धरला तर दिशेत जवळजवळ सहा अंशांची चूक होऊ शकते, आणि तार पाव मीटरवर आली तर चूक अकरा अंशांवर जाते.

इलाज अगदी साधा आहे. पंखाच्या टोकाकडे जाणारी धन तार आणि तिची परतीची तार एकमेकींना पीळ देऊन एकाच वाटेने न्यावी, म्हणजे दोघींची क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ पूर्ण खोडतात. परतीची तार सोयीसाठी वेगळ्या वाटेने नेण्याचा मोह टाळावा. या बाबतीत मला फायबरग्लासचे विमान धातूच्या विमानापेक्षा उजवे वाटते, कारण इथे परतीचा प्रवाह पत्र्यात पसरत नाही, तो तुम्ही घातलेल्या तारेतच राहतो. बसवून झाल्यावर दिवे एकेक करून लावावेत आणि पॅनलवरची दिशा हलते का ते जमिनीवरच पाहावे.

धावपट्टी२७

टाक्यांबद्दल कोणी लिहिले नाही. आणि विजेचे काय? पूर्ण ग्राउंड केलेल्या फायबरग्लासच्या विमानाला ढगातल्या विजेपासून काही संरक्षण मिळते का?

ऋणटोक

आधी टाक्यांबद्दल. इंधन नळीतून वाहताना त्यात स्थिर विद्युतभार साचतो. कोझी आणि लाँग-ईझी यांच्या टाक्या काचकापडाच्याच असतात, त्यामुळे झाकणाचे धातूचे कडे चहूबाजूंनी अलग पडते आणि त्यावर भार साठून राहतो. पेट्रोलच्या वाफेत एक ठिणगी पुरते. म्हणून कड्यापासून टाकीतल्या पाणी काढण्याच्या व्हॉल्व्हपर्यंत आणि तिथून पितळी पट्टीपर्यंत एक तार द्यावी. ही तार जाड असण्याची गरज नाही, कारण स्थिर भाराचा प्रवाह अत्यल्प असतो, मेगाओहमचा रोधही तो निचरायला पुरतो. पंपाची ग्राउंडची क्लिप आधी विमानाला लावावी, मग नळीचे तोंड कड्याला टेकवावे, आणि इंधन वाहते आहे तोवर ते टेकलेलेच ठेवावे.

ढगातल्या विजेचे उत्तर स्पष्टपणे नाही असेच आहे. १७ एप्रिल १९९९ रोजी इंग्लंडमध्ये डन्स्टेबलजवळ एएसके-२१ जातीच्या फायबरग्लासच्या ग्लायडरवर वीज पडली. तिने आतल्या धातूच्या नियंत्रणदांड्यांची वाट धरली आणि ग्लायडर हवेतच फुटले. दोघेही पॅराशूटने उतरले म्हणून वाचले. बोइंग ७८७ मध्ये कापडाच्या बाहेरच्या थरात तांब्याची जाळी घातलेली असते, ती याचसाठी. आपल्या विमानांत तशी जाळी नसते, आणि कितीही जाड ग्राउंड तार घातली तरी ती जाळीची जागा घेऊ शकत नाही. वादळी ढगांपासून दूर राहणे एवढाच उपाय आपल्या हाती आहे.

टेक्सासकर

ऋणटोक, तुम्ही सांगितल्याप्रमाणे दिवा लावून मापन केले. १५ फूट तारेवर २१ मिलिव्होल्ट आले, बॅटरीच्या जोडावर एकाहून कमी, आणि क्रँककेसवरच्या लगपाशी मात्र ७२. लग काढून पाहिला तेव्हा त्याखाली इंजिनाचा करडा रंग तसाच होता, फक्त बोल्टच्या आट्यांतून वीज जात होती आणि त्या आट्यांवर हिरवा गंज चढला होता. रंग खरवडला, नवा लग क्रिम्प केला, आणि दुसरी पट्टी वेगळ्या बोल्टवर घातली. आता तिथे एक मिलिव्होल्टही दिसत नाही. दिवा लावला तरी तेलाच्या तापमानाचा आकडा जागचा हलत नाही, आणि स्टार्टर थंडीतही झटक्यात फिरतो. शीळ पुष्कळ कमी झाली आहे, पण पूर्ण गेलेली नाही.

शांतश्रवण

उरलेली शीळ बहुधा खोबणीच्या गळ्यातून येते आहे. हेडसेटची खोबण पॅनलमधून सैल करून हातात धरा आणि इंजिन चालू असताना ऐका. धातूपासून सुटताच शीळ थांबली तर फायबरच्या वॉशर घाला.

पुशर

सर्वांचे मनापासून आभार. मधला फाटा काढून टाकला आहे. इंजिनासाठी २ गेजची स्वतंत्र तार आणि दोन पट्ट्या, पॅनलमागे पितळी पट्टी, आणि पंखांकडे पीळ दिलेल्या जोडतारा, असे ठरले आहे. एकच शंका उरते. माझ्या पॅनलच्या मध्यभागी रेडिओंसाठी ॲल्युमिनियमचा पत्रा आहे. त्याला ग्राउंड द्यावा की अधांतरी ठेवावा?

ऋणटोक

रेडिओंची बाहेरची पेटी बहुतेक वेळा आतून त्यांच्या ग्राउंडच्या पिनशी जोडलेलीच असते, त्यामुळे स्क्रू कसल्याक्षणी तो पत्राही ग्राउंड होतोच, पण कोणत्या रेडिओमार्गे होतो ते सांगता येत नाही. पितळी पट्टीपासून त्या पत्र्याला एकच आखूड तार द्यावी. पण कुठल्याही उपकरणाची परतीची तार त्या पत्र्यावर कसू नये, ती पट्टीवरच यावी. दिव्यांचे किंवा एखाद्या मोटरचे ग्राउंड सोय म्हणून तिथे आले, तर पत्रा पुन्हा प्रवाह वाहू लागेल आणि शांतश्रवण यांनी वर सांगितलेला सगळा हिशेब उलटा सुरू होईल.

टेक्सासकर

खोबण सैल करून ऐकली. धातूपासून सुटताच शीळ थांबली. वॉशर मागवल्या आहेत.